बसतं म्हणजे जुळतं का?

नाशिकमध्ये घराचं काम काढलेल्या कुणालाही विचारा. स्लॅबसाठी १२ मिलिमीटरची सळई हवी असेल, तर ठेकेदार दुकानात फोन करून ‘चार सूत’ सांगतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. येणारी सळई मात्र १२चीच असते. सराफ बाजारात गेलात तर तोळ्याचा भाव १० ग्रॅमचा असतो, जुना तोळा मात्र साधारण ११.६६ ग्रॅमचा होता. शब्द जुना आणि माप नवं, अशी ही दोन्ही उदाहरणं आहेत. दोन्हीत आकडा जुळत नाही आणि तरी कुणी कुणाला फसवत नाही. सळई किलोवर विकली जाते, सोनं ग्रॅमवर तोललं जातं, आणि तोळा म्हणजे १० ग्रॅम हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं.

मग ‘जवळपास’ हे खोटं कधी होतं? हा प्रश्न मला एका जुन्या जीपच्या नटबोल्टांनी घातला. मी सॉफ्टवेअर लिहितो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आटे पाडले होते, तेवढाच माझा लोखंडाशी संबंध. त्यामुळे आधी थोडं तांत्रिक सांगतो. गाडीत रस नसलेल्यांनीही दोन मिनिटं थांबा, कारण पुढचा प्रश्न या आकड्यांवरच उभा आहे.

बोल्टाची दोन मापं महत्त्वाची असतात. एक त्याचा व्यास, आणि दुसरं दोन आट्यांमधलं अंतर, ज्याला पिच म्हणतात. ‘एमएम’ मापाचा ८चा बोल्ट घेतला, तर त्याचा व्यास ८ मिलिमीटर आणि नेहमीचा पिच १.२५ मिलिमीटर असतो. त्याच्या सर्वांत जवळचा इंची बोल्ट म्हणजे ५/१६ इंचाचा. त्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर. हातात घेऊन डोळ्यांनी हा फरक कळत नाही. पण जाड आट्यांच्या ५/१६ बोल्टावर इंचाला १८ आटे असतात, म्हणजे पिच १.४१ मिलिमीटर. हा बोल्ट ८च्या भोकात घातला तर सुरुवातीला छान फिरतो. दर वेढ्याला ०.१६ मिलिमीटरची चूक साठत जाते. तीन वेढ्यांत ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर होते आणि बोल्ट अडतो. पाना लावून जोर दिला की तो आणखी थोडा जातो आणि मग अगदी घट्ट बसतो.

इथे खरी गंमत आहे. बोल्टाचं काम दोन भाग एकमेकांवर दाबून धरण्याचं असतं. बरोबर बोल्ट आवळताना हाताला जो जोर लागतो, तो या दाबातून आलेला असतो. चुकीच्या बोल्टाला लागणारा जोर मात्र आटे एकमेकांना चिरडत असल्यामुळे लागतो. हाताला दोन्ही सारखेच वाटतात. पान्यालाही फरक कळत नाही. खरं तर चुकीचा बोल्ट बरोबरपेक्षा जास्तच घट्ट लागतो.

असे दोन मापांचे बोल्ट एकाच गाडीत येतात कुठून? हा थोडा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा नाशिकजवळून जातो. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सगळ्या कारखान्यांसाठी एकच आटा सुचवला, ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा मांडला. युरोपात मिलिमीटर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा एकाच बाजूने लढत होते, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागत नव्हता. शेवटी १९४८ मध्ये या तिघांनी एक सामाईक इंची आटा ठरवला.

आपल्याकडे गाड्या आल्या त्या ज्याच्या त्याच्या मापांसह. महिंद्रांनी मुंबईत जुळणी सुरू केली ती अमेरिकी विलीज जीपची, म्हणजे इंची. हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसेडर इंग्लंडच्या मॉरिसवरून आली, तीही इंची. टाटांनी १९५४ मध्ये जर्मन मर्सिडीज-बेन्झबरोबर ट्रक बनवायला घेतले, ते एमएम. प्रीमियरची फियाट इटालियन, म्हणून एमएम. पुढे गाड्यांची इंजिनं बदलली. अॅम्बॅसेडरच्या पोटात १९९०च्या दशकात जपानी इसुझूचं इंजिन आलं. महिंद्रांच्या जीपमध्ये फ्रेंच प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, आणि महिंद्रांचा इंजिनांचा कारखाना नाशिकहून तासाभराच्या अंतरावर, इगतपुरीला आहे. म्हणजे सांगाडा अमेरिकी वंशाचा, इंजिन फ्रेंच, आणि चालवणारा निफाडचा द्राक्ष बागायतदार. या मिश्रणात गैर काही नाही. ज्याने गाडी बनवली त्याला कुठे इंच आहे आणि कुठे मिलिमीटर हे माहीत होतं. प्रश्न येतो तो वीस-पंचवीस वर्षांनी, दहा हातांतून गेल्यावर.

असा निफाडचा बागायतदार म्हणजे माझे मामा, आणि जीप म्हणजे त्यांची एमएम ५४०. मामा गेले. मामींना गाडी चालवायची नव्हती, मामेभाऊ पुण्यात. गाडी विकायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण मी नाशिकला राहतो आणि घरून काम करतो, म्हणजे नातेवाइकांच्या हिशेबी मी रिकामाच. विकण्याआधी गाडी एकदा दाखवावी म्हणून द्वारकेकडच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. साठीतले गृहस्थ, आयुष्य जीपखाली गेलेलं.

स्टिअरिंग बॉक्सचा बोल्ट तपासताना ते थांबले. बोल्टाच्या डोक्याला १६चा पाना लागत होता आणि पलीकडच्या नटाला १९चा. “दादा, एकाच बोल्टाला दोन पाने लागले की समजायचं, नवरा एका गावचा आणि बायको दुसऱ्या गावची.” बोल्ट ७/१६ इंची होता, म्हणजे ११.११ मिलिमीटर. नट १२ एमएमचा. या जोडीत पिच जवळपास सारखा असतो, १.८१ आणि १.७५. त्यामुळे इथे काहीच अडत नाही. नट बोटाने शेवटपर्यंत फिरतो. फक्त बोल्ट बारीक असल्यामुळे आटे निम्मेच एकमेकांत गुंततात. नट पकडून हलवला की खुळखुळतो, आणि आवळला की गप्प होतो.

दुसरी जागा डायनामोच्या ब्रॅकेटची. तिथे इंजिनच्या ८ एमएमच्या भोकात कुणीतरी ५/१६चा बोल्ट रेटून बसवला होता. तो काढताना भोकातले आटेच बाहेर आले.

कुणी केलं? कळायला मार्ग नाही. मामा गाडी कुठेही दाखवायचे. वाटेत जे गॅरेज लागेल ते.

स्टिअरिंगचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. योग्य इंची नट लावला. डायनामोच्या भोकासाठी दोन उपाय होते. आत तारेची स्प्रिंग बसवून ८चा आटा परत मिळवायचा, किंवा साडेआठचं ड्रिल मारून १०चा आटा पाडायचा. जागा भरपूर होती, १०चा आटा पाडला. झालं. गाडी आता आधीपेक्षा चांगली होती.

खरा वाद त्यानंतर घरी झाला. मी आईला म्हणालो, घेणाऱ्याला हे सांगायला हवं. दोन ठिकाणी चुकीचे बोल्ट निघाले, ते बदलले, पण अजूनही कुठे असू शकतील. आई म्हणाली, “दोन्ही दुरुस्त केलेस ना? मग उरलेलं कशाला उकरून काढतोस? तुझ्या मामाने इतकी वर्षं हीच गाडी चालवली. वणीचा घाट चढला, कसारा उतरला. काही झालं का?”

आईचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यात तीन वेगवेगळे मुद्दे आहेत आणि तिन्ही आपण रोज वापरतो.

पहिला मुद्दा: इतकी वर्षं टिकलं, म्हणजे बरोबर असणार. याचं उत्तर एका विमानाने दिलेलं आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर वैमानिकासमोरची काच निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं, आणि सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. ती काच उड्डाणाच्या थोडंच आधी बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास हवा त्यापेक्षा सुमारे ०.६६ मिलिमीटरने कमी होता. पिच मात्र तोच. म्हणजे आमच्या स्टिअरिंगच्या नटासारखीच गोष्ट: फिरतो, बसतो, पण धरत नाही.

या घटनेतला मला अस्वस्थ करणारा भाग वेगळाच आहे. काच बदलणाऱ्याने नवे बोल्ट निवडताना पुस्तक पाहिलं नाही, जुना बोल्ट शेजारी धरून नजरेने जुळवलं. आणि तो जुना बोल्टसुद्धा ठरवून दिलेल्या मापाचा नव्हता, लांबीला थोडा कमी होता. तो चार वर्षं टिकला होता. म्हणून तोच नमुना ठरला. आधीचं ‘जवळपास’ टिकलं, त्याच्या जवळपासचं पुढचं ‘जवळपास’ त्याच्या भरवशावर आलं. टिकणं हा पुरावा असतो, पण तो फक्त आजवर जेवढा ताण आला तेवढ्याचाच असतो. मामा एकटे, सावकाश गाडी चालवायचे. उद्या तीच गाडी दहा माणसं भरून घाट उतरली, तर मामांची वर्षं तिथे उपयोगाला येत नाहीत.

दुसरा मुद्दा: वेळ निभावून नेण्यात चूक काय? रात्री अकराला कसारा घाटात बोल्ट तुटला, गाडीत म्हातारी माणसं आहेत, आणि हाताशी आहे तोच बोल्ट आहे. तिथे मापाचा आग्रह धरणारा माणूस मला नीतिमान वाटणार नाही, हट्टी वाटेल. जुगाड हा शब्द आपण कधी कौतुकाने तर कधी तिरस्काराने वापरतो, पण मला वाटतं फरक साधनाचा नाहीच. तारेने बांधलेला सायलेन्सर पाहा. तो तारेने बांधलाय हे कुणालाही दिसतं. ती तार ओरडून सांगत असते की मी तात्पुरती आहे, मला बदला. रेटून बसवलेला इंची बोल्ट असं काही सांगत नाही. तो बरोबर बोल्टासारखा दिसतो, त्याच्यासारखाच घट्ट लागतो. तार अपुरी आहे, पण खोटी नाही. बोल्ट खोटा आहे. घाटात लावलेला तो बोल्टही मी माफ करीन. पण सकाळी नाशिकला पोचल्यावर तो तसाच ठेवला आणि विसरलो, की रात्रीची तडजोड कायमची होते, आणि ती कुणालाच माहीत नसते.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड: सांगायचं कुणाला आणि का? जे मला माहीत होतं ते मी दुरुस्त केलं. जे माहीत नाही त्याचं देणं मी कुणाला लागतो? जो मेकॅनिक अजून त्या गाडीखाली गेलेलाच नाही, त्याला?

इथे माझ्या धंद्याने मला मदत केली. सॉफ्टवेअरमध्ये आपण लिहिलेला कोड पुढे कोण उघडेल हे कधीच माहीत नसतं. आकडा तर बोल्टाहून फसवा. बोल्टाच्या डोक्यावर निदान खूण असते. चांगल्या एमएम बोल्टावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, अमेरिकी इंची बोल्टावर मधून बाहेर जाणाऱ्या रेघा असतात, तीन किंवा सहा. कोडमधल्या आकड्याला डोकंच नसतं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी नष्ट झालं, कारण एका प्रणालीने आकडे पाउंडांत दिले आणि दुसरीने ते न्यूटनमध्ये समजून घेतले. साडेचार पटींच्या आसपासचा फरक, आणि आकडा मात्र निमूटपणे बसला. म्हणून आम्ही बदल केला की सोबत एक ओळ लिहितो: काय बदललं आणि का. ही ओळ मशीन वाचत नाही. ती फक्त पुढच्या माणसासाठी असते, बहुतेक वेळा अशा माणसासाठी, जो अजून नोकरीला लागलेलाही नसतो.

मला वाटतं प्रमाण माप म्हणजे मुळात हेच आहे: न भेटलेल्या माणसांमधला करार. ८चा बोल्ट विकणारा आणि ८चं भोक पाडणारा यांची ओळख नसते. तरी एकाचं दुसऱ्यात बसतं, कारण दोघांनी तिसऱ्याच कुणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवलेला असतो. रेटून बसवलेला बोल्ट हा करार गुपचूप मोडतो. नुकसान गाडीचं नंतर होतं. आधी त्या भोकावर ‘मी ८चं आहे’ असं जे न लिहिता लिहिलेलं असतं, ते खोटं होतं.

पण याचा अर्थ मूळ मापाला चिकटून राहायचं, असाही नाही. जुन्या गाड्यांचे काही शौकीन इंची गाडीत एकही एमएम बोल्ट येऊ देत नाहीत. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे, पण ती निष्ठा नीती नव्हे. आम्हीही डायनामोचं भोक ८चं १०चं केलं, मूळ इंजिनाशी बेइमानी केली. बदलणं चुकीचं नाही. न सांगता बदलणं चुकीचं आहे.

आपल्या देशाने हा धडा एकदा फार मोठ्या प्रमाणावर गिरवलेला आहे. १ एप्रिल १९५७ला रुपया दशमान झाला. आधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते, आता १०० पैसे. नाव तेच ठेवलं असतं तर प्रत्येक दुकानात भांडण झालं असतं. म्हणून नाण्यावर छापलं ‘नया पैसा’. मराठीत आपण ‘नवे पैसे’ म्हणू लागलो. लोक रुळले, जुनी नाणी व्यवहारातून जाऊ लागली, आणि १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द काढून टाकला. मला ही सरकारी कामातली अतिशय सभ्य गोष्ट वाटते. बदल केला, बदलावर खूण ठेवली, आणि खुणेची गरज संपल्यावरच ती काढली. वजनमापांचा कायदा १९५६चा, त्याची अंमलबजावणी १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाली. शेर आणि मण गेले. तोळा नाव घेऊन राहिला, पण त्याचं नवं माप सगळ्यांना सांगितलेलं आहे.

म्हणून मी गाडी घ्यायला आलेल्या मुलाला सांगितलं. त्र्यंबकच्या पुढे गाव, वय माझ्याएवढंच. कुठे काय निघालं, काय बदललं, आणि बाकी सगळे बोल्ट तपासलेले नाहीत, हे सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे पंधरा हजार कमी केले. आईने दोन दिवस मला त्या पंधरा हजारांची आठवण करून दिली. मामींनी काही म्हटलं नाही, पण ते पैसे त्यांचे होते, माझे नव्हते. दुसऱ्याच्या खिशातून प्रामाणिक राहणं सोपं असतं, हे आईचं वाक्य मला अजून पूर्ण खोडता आलेलं नाही. एवढंच म्हणू शकतो की न सांगता मिळालेले ते पंधरा हजारही मामींचे नव्हते. ते त्या मुलाच्या अजाणतेपणाचे होते.

आणखी एक गोष्ट या हिशेबात धरायला हवी. गॅरेजवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याला पैसे कशाचे मिळतात? गाडी चालू झाली याचे. योग्य बोल्ट शोधायला तो दोन तास फिरला, तर त्या दोन तासांचे पैसे कुणी देत नाही. आपण काउंटरशी उभे राहून घड्याळ बघत विचारतो, “चालतंय ना?” तो म्हणतो, “चालतंय.” प्रश्न आपणच असा विचारतो की त्याचं दुसरं उत्तरच नसावं. चुकीचा बोल्ट त्याच्या हाताने बसतो, पण मागणी आपली असते.

त्या मेकॅनिककाकांची एक सवय आहे. मूळ माप बदललेल्या प्रत्येक भोकाशेजारी ते पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका देतात. त्याचे पैसे लावत नाहीत. डायनामोच्या ब्रॅकेटपाशीही त्यांनी तो दिला. मी विचारलं, “काका, याचा अर्थ दुसऱ्या मेकॅनिकला कळतो का?” ते म्हणाले, “अर्थ नाही कळला तरी चालेल. ठिपका दिसला की तो थांबतो, आणि पाना लावायच्या आधी माप घेतो.”

तेवढं थांबणं मला पुरेसं वाटतं. आपल्यानंतर उघडणाऱ्याला सगळं समजावून सांगता येत नाही. आपण तिथे नसतो, आणि त्याची भाषाही कदाचित वेगळी असते. पण इथे काहीतरी बदललंय, डोळे झाकून पाना लावू नकोस, एवढं सांगून ठेवता येतं. गाडीत ते रंगाने सांगता येतं, कोडमध्ये एका ओळीने, आणि व्यवहारात पंधरा हजार कमी घेऊन.